तिसरा वार देवाचा

पडायला मला फार आवडतं. हसू नका. आयकिदोमध्ये निम्मी विद्या पडण्याचीच असते, आणि आमच्या दोजोत, म्हणजे आखाड्यात, सगळ्यांत सुंदर मी पडते. हे मी नाही म्हणत, आमचे गुरू ओगिसो सेन्सेई म्हणाले, सगळ्यांसमोर, जूनमध्ये मला हाकामा मिळाला त्या दिवशी. सोळाव्या वर्षी हाकामा! वरच्या पायरीवर गेलेल्यांनाच मिळणारा घेरदार पायजमा, काळाभोर, घोट्यापर्यंत, पुढे पाच चुण्या. पहिल्याच दिवशी त्यात पाय अडकून मी उंबऱ्यात आपटले. तेही सुंदरच.

शाळेतली ज्युडोची मुलं आम्हाला चिडवतात. "काय गं कोझुए, आज नाचाचा क्लास नाही वाटतं?" त्यांच्याकडे सामने असतात, पदकं असतात, रडारड असते. आमच्याकडे सामने नाहीतच. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तो वळवायचा, आणि हल्ला करणाऱ्याने त्या वळणाबरोबर जाऊन पडायचं. मग उलट. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. भिंतीवरच्या फोटोतले पांढऱ्या दाढीचे आद्यगुरू म्हणायचे की समोरच्याला हरवायचं नसतं, त्याच्याशी एक व्हायचं असतं. मला हे इतकं आवडायचं की मी ते शाळेच्या वहीवर लिहून ठेवलं होतं.

आता त्याच गोष्टीची मला भीती वाटते. कारण ज्युडोच्या मुलांना जे एका दुपारीत कळलं असतं, ते आम्हा बावीस जणांना आठ महिने कळलं नाही. किंवा कळलं, आणि आम्ही त्याच्याबरोबर वळून सुंदर पडलो.

सुरुवात ताटापासून झाली.

सेन्सेई दोजोच्या मागच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. रविवारी सकाळचा सराव झाला की त्यांना जेवण वाढायचं काम नव्या हाकामावाल्याचं, म्हणजे माझं. भात डावीकडे, सूप उजवीकडे, पलीकडे भाजलेला मासा, त्याचं डोकं डावीकडे. हे काय शिकवावं लागत नाही, तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. पहिल्याच रविवारी ताट परत आलं ते असं: सूप संपलेलं, माशाचा शेपटीकडचा अर्धा भाग स्वच्छ खाल्लेला, डोक्याकडचा अर्धा तसाच, आणि भाताला हातसुद्धा लावलेला नाही.

"सेन्सेईंना भात आवडला नाही वाटतं," मी विहिरीजवळ भांडी घासताना म्हणाले.

"श्श!" कुराताकाका म्हणाले. कुराताकाका म्हणजे आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. बाजारात त्यांचं केस कापायचं दुकान आहे, आणि एकतीस वर्षं ते सेन्सेईंच्या हातून पडताहेत. त्यांनी आवाज एकदम देवळातल्यासारखा खाली आणला. "धान्य सोडलंय त्यांनी. फेब्रुवारीपासून. जुने तपस्वी सोडायचे ना डोंगरात, तसं. कुणापाशी बोलू नकोस."

मला काटा आला अंगावर. अभिमानाने, बरं का.

अशा आणखी गोष्टी होत्या. सेन्सेई रोज पहाटे स्वतः चटया झाडायचे, पण फक्त अर्धी खोली. उरलेली अर्धी आमच्यासाठी ठेवतात, सगळी साधना एकट्याने करू नये म्हणून, असं ज्येष्ठ मंडळी म्हणायची. दारात वहाणा काढल्या की आपण त्या बाहेरच्या दिशेला वळवून ठेवतो ना, तर सेन्सेई एकच वळवायचे, उजवी. "एक पाय घराकडे, एक पाय वाटेकडे," आमच्यातल्याच पोस्टातल्या बाई डोळे मिटून म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात दारात बघितलं तर सात जणांची एकच वहाण वळवलेली! माझी मैत्रीण चिनात्सु म्हणाली, "माझी डावी गं चुकून वळली, आता मोक्ष गेला." आम्ही दोघी इतक्या हसलो की शिक्षा म्हणून पन्नास लोळण्या मिळाल्या.

मग सप्टेंबरच्या एका रविवारी, वादळ येऊन गेल्यावर, मी ताट उलटं ठेवलं.

मुद्दाम नाही. हात ओले होते, ताट दारातून नेताना फिरलं, आणि मी वाकून नमस्कार करून मान वर केली तर भात उजवीकडे, सूप डावीकडे! उलटं ताट कुणाला वाढतात हे कुणालाही विचारा. मेलेल्यांना. माझी आजी गेली तेव्हा तिच्या उशाशी तसं ठेवलं होतं.  मी "माफ करा" म्हणत हात पुढे केला, तोवर सेन्सेईंनी वाटी उचललीसुद्धा होती.

"अरे वा!" ते म्हणाले. "आज भात केलास!"

आणि ते जेवले. कसे जेवले! वाटी तोंडाला लावून, भराभर, एक शीतही न ठेवता. गळ्याची हाडं वर आली होती त्यांच्या, हे मला तेव्हाच दिसलं. "किती महिन्यांनी," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हा पोरांना भात करायचा कंटाळा येतो. म्हटलं कशाला बोला."

सूप डावीकडे गार होत पडलं होतं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुढच्या रविवारी मी ताट सरळ ठेवलं. भात तसाच परत. त्याच्या पुढच्या रविवारी अर्ध्या जेवणात ताट गर्रकन फिरवलं. "अरे, मासा अजून आहे की!" म्हणाले, लहान मुलासारखे खूश होऊन. मी हसले, आणि बाहेर येऊन विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले.

"म्हणजे डाव्या डोळ्याने आंधळे?" चिनात्सुने विचारलं.

"आंधळे नाही गं. आंधळ्याला माहीत असतं आपण आंधळे आहोत. ह्यांना डावीकडे काही असतं हेच माहीत नाही. अर्धं जग कुणीतरी कापून नेलंय आणि ह्यांना पत्ताच नाही."

"मग सरावात कसं चालतं?"

तेच तर. मी बघायला लागले. डावीकडून कुणी हल्ला केला की सेन्सेई जागचे हलायचेच नाहीत. आणि हल्ला करणारा, पोस्टातल्या बाई असोत नाहीतर कुराताकाका, त्यांच्याजवळ पोचताच आपणहून हवेत उडून धाडकन चटईवर. सेन्सेईंचा हात हवेत कुठेतरी. मग आवाजाकडे वळून ते म्हणायचे, "छान." आणि उठणारा, घामाघूम, डोळे चमकत: "लागलाच नाही हो हात! नुसती शक्ती!"

मीसुद्धा अशीच पडले होते. कितीदा तरी. सगळ्यांत सुंदर.

एवढंच असतं तर मी कदाचित ताट फिरवत राहिले असते आणि गप्प बसले असते. पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी वरच्या देवळाची जत्रा. दरवर्षी तेव्हा आमचा दोजो देवासमोर विद्या सादर करतो, आणि शेवटी सेन्सेई निःशस्त्र उभे राहून तलवारीचा सामना करतात. तीन वार. पहिला समोरून, दुसरा उजवीकडून. हे दोन बसवलेले असतात. तिसरा बसवायचाच नाही. तो कुठून येणार हे सेन्सेईंनाही ठाऊक नसतं, सरावात तो कधी करतच नाहीत, कारण तिसरा वार देवाचा. मारणाऱ्याने खरा मारायचा. इतकी वर्षं लाकडी तलवार असायची.

"यंदा मला सत्त्याहत्तर पूर्ण," सेन्सेई सरावानंतर म्हणाले, अगदी सहज, चहा हवा म्हणावं तसं. "यंदा पोलादी घेऊ. धार लावलेली. कुराता, तू मारशील."

कुराताकाकांनी कपाळ चटईला टेकवलं. सगळ्यांनी टेकवलं. मीही. चटईचा वास नाकात गेला आणि मी तशीच पडून राहिले, कारण वर बघितलं असतं तर माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं. बारा दिवस उरले होते.

मधल्या रविवारी मी धीर केला. ताट ठेवलं आणि म्हणाले, "सेन्सेई, डावीकडे बघा ना जरा."

त्यांनी मान किंचित हलवली. "काय आहे तिकडे?"

"भात आहे."

"काय चेष्टा करतेस पोरी. भात तू आज वाढलाच नाहीस."

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये, सेन्सेई."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "सोळाव्या वर्षी मलाही माझे गुरू आंधळे वाटायचे," म्हणाले आणि उजवीकडचं सूप प्यायले.

मग मी ठरवलं, सगळ्यांना दाखवायचं. आमच्याकडे सराव संपताना सेन्सेई दोनदा टाळी वाजवून म्हणतात, "शंका असेल त्याने समोर यावं." म्हणजे हवा तसा हल्ला करून बघावा. ही नुसती म्हणायची पद्धत आहे. मी सात वर्षं दोजोत जातेय, एकदाही कुणी उठलेलं पाहिलं नाही.

शुक्रवारी मी उठले.

चिनात्सुने माझा हाकामा मागून ओढला. "बस गं! वेड लागलंय का?" मी चुण्या सोडवून घेतल्या, लाकडी तलवार उचलली, सेन्सेईंसमोर नमस्कार केला. त्यांचा चेहरा इतका खुलला! "ये," ते म्हणाले.

मी तलवार डोक्यावर धरली आणि चालत, पळत नव्हे, चालत, त्यांच्या डावीकडे गेले. बाकीचे एकवीस जण बघत होते. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मी हळूच तलवार खाली आणली आणि त्यांच्या डाव्या कानाजवळ थांबवली. बोटभर अंतरावर. कानावरचे पांढरे केस तलवारीच्या लाकडाला लागत होते.

सेन्सेई समोरच्या भिंतीकडे बघून हसत होते.

"ये ना पोरी," ते म्हणाले. "वाट बघतोय."

मी तलवार तशीच धरून ठेवली. 

"घाबरली वाटतं," सेन्सेई रिकाम्या चटईला म्हणाले. "असू दे. जागेवर बस." आणि त्यांनी दोनदा टाळी वाजवून सराव संपवला.

मला वाटलं, आता झालं. आता कुणीतरी बोलेल. मी वळून बघितलं, तर पोस्टातल्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाहिलंत?" त्या कुजबुजल्या. "पोरीच्या मनात मारायचं नव्हतंच. त्यांना कळलं. म्हणून पापणीसुद्धा हलवली नाही!" आणि एकामागून एक सगळे वाकले. फक्त कुराताकाका आधी आपल्या हातांकडे बघत बसले होते. मग तेही वाकले.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या दुकानात गेले. दुकानात सेन्सेईच बसले होते, खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून, तोंडावर गरम टॉवेल. जत्रेआधीची दाढी.

"बस गं," कुराताकाका म्हणाले. त्यांनी टॉवेल काढला.

उजवा गाल गुळगुळीत. रोज घरी करतात ना ते. आणि डाव्या गालावर आठवड्याभराचं पांढरं खुंट, नाकापासून सरळ रेघ आखल्यासारखं. कुराताकाकांनी काही न बोलता फक्त डाव्या बाजूला फेस लावला. वस्तरा चामड्यावर घासला. डावा गाल, डावी हनुवटी, कानाखालचा खळगा. हात इतका हलका की सेन्सेई घोरायला लागले. आरशात काकांची आणि माझी नजरानजर झाली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"सेन्सेईंची दाढी डावीकडे जरा जास्त वाढते."

"काका!"

"ओरडू नकोस. वस्तरा आहे हातात." वस्तरा पुन्हा गालावरून फिरला. मग अगदी हळू म्हणाले, "तुझं वय किती आणि हाकामा घालून महिने किती? मी एकतीस वर्षं पडतोय ह्यांच्या हातून. तू म्हणतेस तसं असेल, तर मला सांग, कोणत्या दिवसापासून? त्यातलं कोणतं पडणं खरं होतं आणि कोणतं मी आपलं…" ते थांबले. "त्या माणसाने स्वतः माझ्याकडे धारेची तलवार मागितली. कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"मग तिसरा वार उजवीकडून मारा. समोरून मारा. कुणाला कळणारेय?"

"देवासमोर खोटा वार?" ते खरंच दचकले. "तिसरा वार मी ठरवत नाही, कोझुए. पाय नेतील तिकडून. आणि देवासमोर त्यांना दिसेल. दिसेलच."

सेन्सेई घोरत होते. काकांनी वस्तरा पुसून मिटला.

घरी येऊन आईला सांगितलं. आई घरामागच्या शेडमध्ये उन्हात वाळवलेली लोणच्याची खारी फळं निवडत होती, फुटकी बाजूला, धड बाजूला. सगळं ऐकून घेतलं तिने, हात न थांबवता. "ज्यांना दिसायचं त्यांना दिसलेलं असतं," ती म्हणाली. "तू सांगायला गेलीस तर उद्यापासून गावात आपल्याशी कोण बोलेल?" मी रागारागाने उठले. मी दारात पोचल्यावर ती म्हणाली, "आणि ते ताट. उलटं ठेवत जाऊ नकोस गं. अशा गोष्टी आपल्या वाटेने येतात."

जत्रेच्या दिवशी आकाश निळं होतं, ढोल वाजत होते, माशांचे गोळे तळल्याचा वास पायऱ्यांपर्यंत येत होता. सगळं गाव देवळाच्या अंगणात. तलवार वाहून न्यायचं काम माझं. पांढऱ्या कापडावर, दोन्ही हातांवर आडवी. एवढीशी तलवार, पण हातावर झोपलेल्या जनावरासारखी जड. पळून जावं, समुद्रात फेकावी, असं शंभरदा मनात आलं. शंभर पायऱ्या होत्या, म्हणून शंभरदा. ज्युडोची मुलंही आली होती. एक जण ओरडला, "कोझुए, नीट धर, पाय कापशील!" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी तलवार कुराताकाकांना दिली आणि सेन्सेईंच्या डावीकडे, चार पावलांवर, खडीवर गुडघे टेकून बसले. ती जागा मीच मागून घेतली होती.

ढोल थांबले.

पहिला वार समोरून. सेन्सेई पाण्यासारखे आत सरकले, काकांचं मनगट धरलं, काका उलटे होऊन खडीवर. खरंखुरं! मी शपथेवर सांगते, तो खरा होता, मला पडणं कळतं. लोक ओरडले. दुसरा वार उजवीकडून. तोही खरा. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस! दोन श्वास मला वाटलं, आपणच वेडे, काकाच बरोबर.

काका उठले. तलवार डोक्यावर घेतली. आणि त्यांचे पाय सेन्सेईंभोवती फिरायला लागले, हळूहळू, खडी करकरत. समोरून उजवीकडे. उजवीकडून मागे. मागून डावीकडे. माझ्या समोर येऊन थांबले.

सेन्सेई अंगण ओलांडून समोरच्या सीडरच्या झाडांकडे बघत होते, हसऱ्या चेहऱ्याने.

काकांनी मारला. खरा मारला. हवा फाटल्याचा आवाज आला.

तलवार सेन्सेईंच्या डाव्या गालाजवळ थांबली होती. केसाच्या अंतरावर. रोज चाळीस गालांवरून वस्तरा फिरवणारा तो हात, तो आपोआप थांबला होता. काकांचा चेहरा पिठासारखा पांढरा. त्यांनी पाहिलं होतं ना, की समोरचा खांदा हललाच नाही.

"ये, कुराता," सेन्सेई झाडांना म्हणाले. "वाट बघतोय."

 आणि तेवढ्यात मला काकांचा उजवा गुडघा दिसला. तो किंचित वाकला. टाच उचलली गेली. मी सात वर्षं पडतेय, पडण्याआधी शरीर काय करतं ते मला पाठ आहे. ते पडणार होते. हात न लावता, आपणहून, हवेत उडून, तलवार लांब फेकून, आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर पडणं. लोक टाळ्या वाजवणार. सेन्सेई आवाजाकडे वळून म्हणणार, छान. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पोलादी, पुन्हा डावीकडून, आणि तेव्हा हात कुणाचा असेल कुणास ठाऊक, न्हाव्याचा नसेल.

"सेन्सेई!" मी ओरडले. "तलवार तुमच्या डाव्या गालाशी आहे! ती कधीच आलीय!"

माझा आवाज देवळाच्या छपराला लागून परत आला. सेन्सेई वळले. माझ्या आवाजाच्या शोधात, मान खूप लांबपर्यंत फिरवून, इतकी की शिरा ताणल्या. काकांनी तलवार मागे घेतली, पण अर्धा श्वास उशीर झाला. गालावर एक बारीक लाल रेघ उमटली आणि हनुवटीपर्यंत ओघळली. त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही. ते काकांकडे बघत होते, अगदी जवळून, अंधाऱ्या खोलीत अचानक कुणी दिसावं तसं.

"कुराता," ते म्हणाले. "तू कधी आलास?"

काका गुडघ्यांवर बसले. पडले नाहीत. बसले, आणि तलवार खडीवर ठेवली, आणि तोंड दोन्ही हातांत झाकलं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फेब्रुवारीत कधीतरी मेंदूतली एक बारीक नस अडली असणार. तेव्हाच आणलं असतं तर बरंच परत आलं असतं. आता येईल तेवढं. त्यांनी सेन्सेईंना फूल काढायला सांगितलं. सेन्सेईंनी मन लावून काढलं. उजवीकडे सगळ्या पाकळ्या होत्या. डावीकडे कोरा कागद. त्या कागदाकडे बघवत नव्हतं.

गाव कसं वागलं ते लिहीत नाही. पोस्टातल्या बाई आमची पत्रं दारात टाकून पुढे जातात, पूर्वी घंटी वाजवून आईशी दहा मिनिटं बोलायच्या. देवळातल्या एकाने म्हटलं, मी देवाचा तिसरा वार मोडला, आता काहीतरी होईल. आई काही म्हणाली नाही. फक्त त्या दिवशी तिने माझ्या डब्यात दोन फळं जास्त घातली, दोन्ही धड. चिनात्सु मात्र शाळेत माझ्या डाव्या बाजूला बसते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, "दिसतेय का मी?" मूर्ख आहे ती. तिच्याशिवाय माझं काय झालं असतं!

रविवारी मी अजूनही ताट नेते. भात डावीकडे, सूप उजवीकडे, आणि फिरवत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, शोधू द्या. मी म्हणते, "डावीकडे, सेन्सेई." ते मान वळवतात. थोडी. "अजून." थोडी आणखी. कधी वाटी सापडते, कधी सापडत नाही आणि ते घाबरतात. पूर्वी मी त्यांना कधीच घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग विचारतात, "कुणी बसलंय का गं तिकडे?"

"नाही, सेन्सेई. भात आहे."

काल मात्र कुणी बसलं होतं. मी आत गेले तेव्हा कुराताकाका खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीशी, गुडघे मोडून बसलेले. दुकान महिनाभर बंद आहे त्यांचं. सकाळपासून बसले असणार, कारण त्यांच्या गुडघ्यांखालची चटई वजनाने दबली होती. सेन्सेई उजवीकडच्या खिडकीकडे बघत म्हणाले, "एकतीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता त्याने. आता येत नाही. रागावला असेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग दोन्ही हात चटईवर टेकून, आवाज न करता, उठायला लागले.

"बसा," मी म्हणाले. त्यांच्याहून चाळीस वर्षांनी लहान आहे मी. ते बसले.

मी ताट खाली ठेवलं. "सेन्सेई, डावीकडे."

त्यांनी मान वळवली. गालावरची रेघ उजेडात आली, गुलाबी, नवीन कातडीची. डोळे भातापाशी पोचले आणि थांबले.

"सापडला," ते म्हणाले.

"तो नाही," मी म्हणाले. "अजून थोडं. अजून."